भोर-वेल्ह्याचा लोणारी कोळसा

कोळसा म्हटले की आजच्या मुलांच्या डोळ्यांपुढे खाणीतला दगडी कोळसा येतो. पाठ्यपुस्तकात तोच असतो. आमच्या लहानपणी मात्र नुसते 'कोळसा' म्हटले की तो लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा. शेगडीत तो, धोब्याच्या इस्त्रीत तो, सोनाराच्या बागेसरीत तो आणि तांबट आळीतल्या भट्टीतही तोच. लोणारी नावाचा समाजच आहे. चुना आणि कोळसा पाडणे हा त्यांचा पिढीजात धंदा, म्हणून कोळशालाही त्यांचे नाव मिळाले. नाव लोणाऱ्यांचे राहिले खरे, पण आमच्या भागात गेल्या शंभर वर्षांत भट्टीपाशी रात्री जागणारा माणूस बहुतेक वेळा कातकरी असे.

हल्ली घर गरम करणे, थंड करणे हा मोठा धंदा झाला आहे. त्याला परवाने लागतात, कंत्राटदार असतात, दरपत्रके असतात. पण उष्णता विकण्याचा धंदा आमच्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात फार जुना आहे. त्यालाही परवाना होता, कंत्राटदार होता, बाजारभाव होता. त्याचा इतिहास कुणी नीट लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि मी वेल्हे भागात बरीच वर्षे मास्तरकी केली आहे, म्हणून हा प्रपंच.

आधी भूगोल सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. पूर्वीच्या भोर संस्थानाचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. (तालुक्यांना किल्ल्यांची नावे देण्याची ही पद्धत मला फार आवडते. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा पुष्कळांना ते नवे वाटले, पण राजगड तालुका संस्थानी काळात होताच.) ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झाले. सुधागड कुलाब्याकडे गेला, बाकीचा मावळी मुलूख पुणे जिल्ह्यात आला. वेल्हे आधी महाल होता, मग तालुका झाला. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी आणि मोसे या नद्यांची ही खोरी. पाऊस धो धो, जमीन उताराची, नाचणी-वरीची. खाचरात भात. आणि वर रान.

आता या रानातून पुण्याच्या बाजारात काय न्यायचे? इथे थोडे गणित करू या. (इतिहासाच्या मास्तरने गणित केलेले माझ्या गणिताच्या सहकाऱ्यांना कधी रुचले नाही!) शंभर किलो वाळलेले लाकूड मातीच्या भट्टीत घातले, तर साधारण पंधरा ते पंचवीस किलो कोळसा निघतो. वीस धरू. एक किलो लाकूड जाळले तर सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता मिळते, एक किलो कोळशातून सुमारे सात हजार. म्हणजे शंभर किलो लाकडात साडेतीन लाख होती, वीस किलो कोळशात एक लाख चाळीस हजार उरली. निम्म्याहून जास्त उष्णता भट्टीतच वाया गेली! मग हा आतबट्ट्याचा व्यवहार लोक का करत होते?

कारण ओझे. डोक्यावर तीस किलो घेऊन तोरण्याच्या पायथ्यापासून डोंगर उतरणाऱ्या बाईने लाकूड आणले तर जेवढी उष्णता बाजारात येते, त्याच्या दुप्पट त्याच वजनाच्या कोळशातून येते. रानात लाकडाला किंमत नव्हती, वाहतुकीला होती. म्हणून रस्त्यालगतच्या गावांनी जळाऊ लाकूड विकले आणि आतल्या गावांत भट्ट्या लागल्या. ज्या खोऱ्यात गाडीरस्ता नव्हता, तिथे कोळसा. ही साधी गोष्ट लक्षात ठेवली की पुढचा सगळा इतिहास उलगडतो, कारण रस्ता सरकला की भट्टी सरकते.

शिवकाळापर्यंत मागे जायचे तर राजगड पाव शतकभर राजधानी होती. तोफेच्या दारूत सोरा आणि गंधक यांच्याबरोबर कोळसा लागतोच, आणि लोहाराची भट्टीही त्यावाचून पेटत नाही. त्या काळाचा झाडांविषयीचा विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे (इ.स. १७१६ च्या सुमाराचे). आरमारासाठी लाकूड हवे तर तोडा, पण आंबा-फणसासारखी रयतेने वाढवलेली झाडे जबरदस्तीने तोडू नका, जीर्ण झाड हवेच असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्या, असा त्याचा आशय. झाडाला मालक आहे आणि त्याची संमती लागते, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

इंग्रजी अंमलात हे उलटे झाले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आली. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्यावर ओढलेले कोरडे आमच्या पिढीने वाचलेले आहेत, आणि फुले स्वतः कंत्राटदारी करणारे, म्हणजे सरकारी खाते आतून पाहिलेले गृहस्थ होते. कातकऱ्यांवर या कायद्याचा आघात फार मोठा झाला. कातकरी, काथोडी ही नावेच काथावरून आली. खैराच्या लाकडापासून काथ काढणे हा त्यांचा धंदा. खैर सरकारी झाला, काथाची भट्टी बंद पडली, आणि तेच लोक दुसऱ्याच्या कोळशाच्या भट्टीवर मजुरीला गेले. एक कारागीर जमात अशी मजूर झाली.

भोर संस्थान असल्यामुळे ब्रिटिश कायदा इथे थेट लागू नव्हता. विलीनीकरणानंतर मात्र १९२७ चा भारतीय वन कायदा आला. त्या कायद्यातली एक व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. 'वनोपज' म्हणजे काय, हे सांगताना कायद्याने दोन याद्या केल्या आहेत. दुसऱ्या यादीतल्या वस्तू जंगलात सापडल्या किंवा जंगलातून आणल्या तरच वनोपज. पहिल्या यादीतल्या वस्तू मात्र जंगलातून आणलेल्या असोत वा नसोत, वनोपजच. या पहिल्या यादीत इमारती लाकडाच्या शेजारी दुसराच शब्द कोळसा आहे, आणि पुढे काथही आहे.

याचा अर्थ वाचकहो, नीट ध्यानात घ्या. शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावरचे, स्वतः वाढवलेले झाड तोडून त्याचा कोळसा पाडला, तरी तो कोळसा कायद्याच्या नजरेत वनोपज. तो रस्त्यावर आणला की वाहतुकीचा पास हवा. पुढे १९६४ मध्ये झाडे तोडण्यावर नियमन करणारा राज्याचा कायदा आला. त्यात ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आंबा, फणस ही झाडे अनुसूचीत आली. म्हणजे तोडायला एक परवानगी आणि न्यायला दुसरी. हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण परवानगीसाठी सातबारा, अर्ज, पंचनामा, मोजणी, मग झाडावर हातोड्याचा ठसा, मग पास. तालुक्याला चार खेपा घालायच्या. अंगठा उठवणाऱ्या माणसाला हे कसे जमावे? जमत नव्हतेच. ते ज्याला जमत होते तो कंत्राटदार. कोळशाच्या धंद्यात भांडवलापेक्षाही कागद हीच खरी मालमत्ता होती, असे माझे मत आहे.

धंद्याची रीत अशी असे. कंत्राटदार पावसाळ्यात गावात येई. मालकी रान उक्ते ठरवी, म्हणजे किती झाडे, किती वजन याचा हिशेब नाही, या बांधापासून त्या ओढ्यापर्यंतचे रान अमुक रुपयांना. लग्न, दुखणे, बैल मेला, अशा वेळी हा सौदा होई. त्यामुळे भाव कोण ठरवणार हे सांगायला नको. मग तो परवानगीच्या मागे लागे. त्याच सुमारास त्याचा मुकादम कातकरी वाड्यांवर जाऊन उचल देई. पावसाळ्यात हाताला काम नसे, घरात दाणा नसे, तेव्हाच ही उचल दिली जाई. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन रानात जात. शाळेच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर काही नावांपुढे सलग गैरहजेरी पडे, ती थेट पहिल्या पावसापर्यंत. वरिष्ठ तपासणीला आले की विचारत, "गुरुजी, ही मुले कुठे आहेत?" मी म्हणे, "भट्टीवर." ते मान डोलवत आणि पुढच्या रकान्याकडे वळत.

भट्टी लावणे हे कौशल्याचे काम आहे. हे मी पाहिले आहे म्हणून थोडे सविस्तर सांगतो. लाकडाचे दोन-तीन हातांचे तुकडे करून मधल्या खांबाभोवती उभे रचतात. जाड लाकूड आत, बारीक बाहेर, फटी बारक्या फांद्यांनी भरून. त्यावर गवत-पाल्याचा थर, त्यावर ओल्या मातीचा लेप. मधला खांब काढून त्या भोकातून विस्तव सोडतात आणि तोंड बंद करतात. खाली कडेने वाऱ्याला भोके. आता खरी परीक्षा. आत लाकूड जळायला नको, नुसते भाजायला हवे. पहिल्यांदा दाट पांढरा धूर येतो, ती लाकडातली वाफ. मग पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा. शेवटी विरळ निळा धूर दिसला की भोके बुजवायची आणि भट्टी निवू द्यायची. भट्टी लहान असेल तर काही दिवस, मोठी असेल तर दोन आठवडेही जातात. मातीच्या लेपाला तडा गेला आणि वारा आत शिरला, तर सकाळी राखेचा ढीग. म्हणून रात्रभर कुणीतरी जागे हवे. तडा बुजवायला भट्टीवर चढावे लागते आणि आत पोकळी झाली असेल तर पाय खाली जातो. असे भाजलेले पाय मी पाहिले आहेत. धुराचा रंग पाहून आत काय चालले आहे हे सांगणारी माणसे शाळेत गेलेली नव्हती. पण रसायनशास्त्र त्यांना येत नव्हते असे मी म्हणणार नाही.

आता खर्चाचा हिशेब. कंत्राटदाराच्या खात्यात रानाची उक्ती रक्कम, परवानगीच्या खेपा, उचल, आठवड्याची खर्ची (म्हणजे मजुरांना दिलेले तांदूळ, मीठ-मिरची, तेल), पोती, रस्त्यापर्यंतची वाहणूक, ट्रक, जकात आणि पुण्यातल्या वखारीची अडत, एवढ्या बाबी. मजुरी पोत्यावर. वरवर पाहता हे सरळ वाटते, जितकी पोती तितके पैसे. पण यात मोठी मेख आहे. भट्टी जळून राख झाली तर पोती नाहीत, म्हणजे मजुरी नाही. लाकूड तोडले, रचले, रात्री जागवल्या, ते सगळे फुकट. धंद्यातला सर्वांत मोठा धोका अशा रीतीने धंद्यातल्या सर्वांत गरीब माणसाच्या अंगावर टाकलेला. खर्ची मात्र चालूच राहते आणि वहीत चढत जाते. हंगामाच्या शेवटी हिशेब होई तेव्हा 'फिटले नाही' हेच उत्तर. मग पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच रान, तोच मुकादम. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. त्यात हीच उचल आणि हीच वही बेकायदेशीर ठरली. पण कायदा ज्या कागदावर असतो आणि वही ज्या कागदावर असते, त्यांची भेट क्वचित होते. कोळसा भट्टीवरून कातकरी कुटुंबे सोडवल्याच्या बातम्या नव्या शतकातही वाचायला मिळाल्या आहेत.

कंत्राटदार वगळून हे करता आले नसते का? प्रयत्न झाले होते. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीवर १९३९ मध्ये अहवाल दिला. बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. सरकारी जंगलातला कूप लिलावात कंत्राटदाराला देण्याऐवजी मजुरांच्या संस्थेला द्यायचा, ही कल्पना. ठाणे, नाशिक, खानदेश इकडे या संस्थांनी बरे काम केले. पण ही सोय सरकारी कुपांसाठी होती. आमच्याकडे धंदा चाले तो बहुतांशी मालकी रानात, आणि तिथे संस्था पोचत नव्हती. शिवाय मालक आणि मजूर हे वेगवेगळे. रान कुणब्याचे किंवा महादेव कोळ्याचे, भट्टी कातकऱ्याची. दोघेही गरीब, पण एकत्र बसून कंत्राटदाराशी भाव करतील असे कधी झाले नाही. अनुसूचित जमातीच्या खातेदाराची झाडे व्यापाऱ्याने मातीमोल घेऊ नयेत म्हणून १९६९ मध्ये वेगळा कायदा झाला, तो मालकापुरता. ज्याचे ना रान ना सातबारा, त्या कातकऱ्याला त्याचा काय उपयोग?

बाजाराचेही चढउतार झाले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि मोटारी लोणारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. गाडीच्या मागे उंच टाकीसारखा गॅस प्लँट, त्यात कोळसा भरून फुंकायचा, तो गॅस इंजिनाला. वडील सांगत, चढ आला की उतारू उतरत आणि गाडी ढकलत! पण कोळशाला एकदम मागणी आली.

इथे जरा विषयांतर करतो. आमचे डोंगर मुंबई-पुण्याला ऊब पुरवत असताना मुंबईला गारवा कुठून येत होता ठाऊक आहे? अमेरिकेतून! बोस्टनच्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजाने पहिल्यांदा १८३३ मध्ये कलकत्त्याला आला आणि पुढच्या वर्षी मुंबईला. मुंबईत वर्गणी काढून त्याच्यासाठी बर्फघर बांधले. कलकत्त्यात तर सरकारने या बर्फावरची जकात माफ केली. साहेबाच्या ग्लासातल्या थंडाव्याला जकात माफ, आणि शेतकऱ्याने घरच्या लाकडाचा पाडलेला कोळसा वनोपज! पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि १८८० च्या दशकात हा जहाजी धंदा संपला. असो.

आमच्या रानाचे खरे मरण आले ते रस्त्यामुळे. मघाशी म्हटले ना, रस्ता सरकला की भट्टी सरकते. वेल्हे तालुक्यात आंबी नदीवर पानशेतचे धरण बांधायला घेतले. ते १२ जुलै १९६१ ला फुटले, हे पुणेकरांना ठाऊक आहे. पुण्याच्या आठवणीत पानशेत म्हणजे तो पूर. पण धरणाच्या वरच्या अंगाला काय झाले? ते डॉ. माधव गाडगीळ यांनी हिंडून पाहिले आणि १९७९ मध्ये डोंगर, धरणे आणि जंगले यांवरच्या एका निबंधात लिहिले. खोऱ्यातली भाताची खाचरे पाण्याखाली गेली. लोक वर डोंगरउतारावर सरकले. धरणासाठी ट्रक जाईल असा रस्ता आला आणि त्या रस्त्याने कोळशाचे व्यापारी आले. उपजीविका बुडालेल्या माणसाला झाडांचे जे मिळतील ते पैसे हवेच होते. रान भराभर कोळसा होऊन पुण्याला गेले. उघड्या पडलेल्या उताराची माती पावसाने त्याच जलाशयात नेऊन टाकली. पुण्याला पाणीही इथलेच आणि शेगडीतला विस्तवही इथलाच.

उरले ते देवाचे. डॉ. गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात या भागातल्या देवरायांचा अभ्यास केला. काळकाईच्या, जननीच्या, म्हसोबाच्या नावाने राखलेली ती राने पाहिली म्हणजे आजूबाजूचा डोंगर एकेकाळी कसा होता याची कल्पना येते. तिथे कंत्राटदाराचा कागद चालत नव्हता, कारण उक्ता सौदा करायला मालक समोर येत नव्हता!

१९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने मालकीची पुष्कळ राने सरकारजमा झाली आणि १९८० च्या वन संवर्धन कायद्याने जंगलाच्या जमिनीवर आणखी बंधने आली. तोवर पुण्यातल्या घरांत स्टोव्ह आणि गॅस आला होता. शेगड्या माळ्यावर गेल्या, मग भंगारात. पेठांतल्या लाकूड-कोळशाच्या वखारी एकेक करून बंद झाल्या. कोळसा मात्र संपला नाही. तो आता बाभूळ-सुबाभळीचा, पठारावरच्या जिल्ह्यांतून येतो, आणि तो पाडायला आमच्याकडच्या आणि कोकणातल्या कातकरी वाड्यांवरून माणसे लांब लांब जातात. धाब्याच्या तंदूरला लागतो. मोठ्या दुकानात सुबक पुडीत, बाहेर मांस भाजण्याचे चित्र छापून मिळतो. त्या पुडीचा भाव पाहिला तेव्हा मी दोनदा चष्मा पुसला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा नसरापूरच्या बाजूला राहतो आणि पुण्यात एसी बसवण्या-दुरुस्तीची कामे करतो. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स केला आहे. त्याला मी खोदून खोदून विचारले. वायरिंगच्या कामाला वीज निरीक्षकांकडच्या परवान्याचा माणूस लागतो. सेवेची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी. आर-२२ नावाचा जुना गॅस भरून नवे यंत्र बनवणे २०२४ अखेर बंद झाले, म्हणून नव्या गॅसची साधने घ्यावी लागली. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला, त्याने गिऱ्हाईक वाढेल अशी त्याला आशा. मी विचारले, "काम कुणाच्या नावावर घेतोस?" म्हणाला, "सर, मोठे काम शहरातल्या ठेकेदाराच्या नावावर. आम्हाला नगावर मिळतं. पाइपला गळती निघाली तर पुन्हा जायचं, ते आमच्या पैशानं."

नगावर मजुरी आणि बिघाड आपल्या अंगावर. पोत्यावरची मजुरी आठवली मला. पण दोन्हीं गोष्टी सारख्या आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. या मुलाने पावसाळ्यात उचल घेतलेली नाही, त्याच्या नावाची वही कुणाच्या कपाटात नाही, पटले नाही तर दुसऱ्या दिवशी तो दुसरा ठेकेदार बघतो. छोटी कामे स्वतःच्या नावावर घेतो, गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्या फोनमध्ये आहेत. हा फरक मोठा आहे. परवान्यासाठी तो यंदा स्वतः अर्ज करणार आहे. अर्ज मला दाखवायला आणला होता. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले आणि जोडायच्या कागदांची यादी करून दिली.

वर हिरड्याचा ओझरता उल्लेख आला आहे. भोर-वेल्ह्यात कोळसा गेल्यावर हिरड्याने पुष्कळ घरे तगवली. त्याच्या खरेदीची कथाही ऐकण्यासारखी आहे. ती पुढे केव्हातरी.